पोर्ट म्हणजे नेमकं काय? चार्जिंगचा पोर्ट, नंबर पोर्ट आणि एअरपोर्ट

गेल्या पावसाळ्यात पप्पांचा फोन नीट चार्ज होईना. पप्पा नांदेडला नव्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहेत. दुकानाजवळच्या मोबाईलवाल्यानं फोन हातात घेतला, वायर दोनदा आत-बाहेर केली आणि सांगितलं, ‘काका, तुमचा पोर्ट गेलाय.’ पप्पांनी तो शब्द लक्षात ठेवला.

चार दिवसांनी त्यांना एक कॉल आला. समोरचा माणूस हिंदीत म्हणाला, तुमच्या नंबरच्या पोर्टमध्ये प्रॉब्लेम आहे, आज दुरुस्त केला नाही तर फोन बंद पडेल. पप्पांना ते लगेच पटलं, कारण पोर्टमध्ये प्रॉब्लेम तर खरंच होता! त्या माणसानं सांगितल्याप्रमाणे त्यांनी मेसेजमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहिलं, एक स्पेस दिली, स्वतःचा नंबर टाकला आणि १९०० वर पाठवून दिलं. लगेच एक आठ अक्षरी-आकडी कोड आला. कोडमधली इंग्रजी अक्षरं वाचायला चष्मा हवा होता आणि चष्मा घरी राहिला होता. म्हणून त्यांनी मला पुण्याला फोन लावला. ‘अरे, एक कोड आलाय, व्हॉट्सअॅपवर टाकतो, जरा वाचून सांग. त्यो माणूस दुसऱ्या फोनवर थांबलाय. चार्जिंगचं काम करून द्यायलाय.’

मी म्हणालो, ‘पप्पा, तो कॉल आधी कट करा.’

चष्म्यामुळं वाचलो, असं आमच्या घरात अजून म्हणतात. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मी रोज कामात ‘पोर्ट’ हा शब्द किमान वीस वेळा वापरतो. मोबाईल दुकानदाराचा पोर्ट वेगळा, १९०० ला पाठवायचा पोर्ट वेगळा, माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर एरर देणारा पोर्ट आणखी वेगळा. हे आपण कुणाला कधी नीट समजावून सांगितलंच नाही. म्हणून हा लेख.

एक शब्द, तीन घरं

इंग्रजीतला ‘पोर्ट’ दिसायला एक आहे, पण तो लॅटिनमधल्या तीन शब्दांतून आलाय. ‘पोर्टा’ म्हणजे दार, वेस. ‘पोर्टारे’ म्हणजे वाहून नेणं. आणि ‘पोर्टुस’ म्हणजे बंदर. इंग्रजीनं तिघांनाही घासून गुळगुळीत केलं आणि तिघांचाही ‘पोर्ट’ झाला.

आता पप्पांचा गोंधळ बघा. मोबाईलवाला बोलत होता दाराबद्दल. कॉल करणारा बोलत होता वाहून नेण्याबद्दल. पप्पांना वाटलं दोघं एकच बोलतायत. तो ठग मुद्दाम हा शब्दांचा खेळ करत होता असं मला वाटत नाही, त्याच्या बाजूनं तो नुसता योगायोग असणार. पण अशा योगायोगावरच त्यांचं पोट चालतं.

दाराचा पोर्ट

जुन्या जहाजांच्या बाजूला तोफांसाठी भोकं असायची, त्यांना पोर्ट म्हणत. जहाजाच्या गोल खिडकीला आजही ‘पोर्टहोल’ म्हणतात. आत-बाहेर जायची जागा, एवढाच त्याचा अर्थ. तोच पुढं यंत्रांना लागला आणि तिथून आपल्या फोनच्या बुडाला आला. चार्जिंगचा पोर्ट म्हणजे वीज आणि डेटा आत-बाहेर जायचं दार.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची. आपण आता वापरतो तो सी-टाईप पोर्ट २०१४ चा. त्यात २४ पिना असतात आणि त्या अशा मांडल्यात की वायर कशीही घातली तरी बसते. आधीच्या मायक्रो यूएसबीला उलटी वायर दाबून दाबून किती पोर्ट मेले असतील, देव जाणे. आयफोनवाले बरीच वर्षं स्वतःच्या वेगळ्या पोर्टवर अडून होते, तेही २०२३ मध्ये आयफोन १५ पासून सी-टाईपवर आले. युरोपियन युनियननं २८ डिसेंबर २०२४ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला सी-टाईप सक्तीचाच केलाय.

पप्पांचा पोर्ट गेला नव्हता, हे नंतर कळलं. मी नांदेडला गेलो तेव्हा फोन बंद केला, लाकडी टूथपिक घेतली आणि हलक्या हातानं आत फिरवली. पिवळी धूळ निघाली. मोंढ्यात दिवसभर हळदीच्या पोत्यांमध्ये बसणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या खिशातला फोन, दुसरं काय निघणार! तुमचा फोन वायर हलवल्यावरच चार्ज होत असेल तर नवा पोर्ट बसवण्याआधी हे करून बघा. सुई किंवा पिन मात्र घालू नका, आतल्या पिना वाकतात.

दार म्हटलं की चोरही आला. स्टेशनवरच्या किंवा बसस्टँडवरच्या फुकट चार्जिंग पॉइंटमधून फोनमधला डेटा चोरण्याला ‘ज्यूस जॅकिंग’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये काढलेल्या फसवणुकीबद्दलच्या पुस्तिकेतही त्याचा उल्लेख आहे. माझं मत विचाराल तर याची भीती जरा जास्तच पसरलीय. आताचे फोन डेटा द्यायच्या आधी विचारतात, तेव्हा ‘फक्त चार्जिंग’ निवडायचं. आणि स्वतःचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावला तर प्रश्नच मिटला, कारण त्या सॉकेटमधून फक्त वीज येते.

दाराचाच दुसरा पोर्ट डोळ्यांना दिसत नाही. तो नेटवर्कमधला. हा समजायला लातूरची गंजगोलाई उत्तम. अकरावी-बारावीला मी लातूरला होतो (नांदेडची निम्मी पोरं असतात), तेव्हा कुठंही जायचं तर खूण एकच, गोलाई. १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली ही गोल बाजारपेठ, मध्ये देवीचं मंदिर आणि चारी बाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. कुठल्या रस्त्याला सोनं, कुठं चपला, कुठं मिरची आणि गूळ. पत्ता एकच, गंजगोलाई. पण कोणत्या रस्त्यानं शिरलात त्यावर तुमच्या हातात काय पडणार ते ठरतं.

सर्व्हरचंही अगदी असंच. त्याचा आयपी अॅड्रेस म्हणजे गोलाई आणि पोर्ट नंबर म्हणजे रस्ता. वेबसाईट हवी तर ४४३ नंबरच्या पोर्टवर जायचं (ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं तो सुरक्षित मार्ग), जुनी साधी वेबसाईट असेल तर ८०, ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडं जायला २५, डोमेनच्या नावाचा पत्ता शोधायला ५३. गोलाईला रस्ते १६. इथं पोर्ट नंबर लिहायला १६ बिट असतात, म्हणजे ० ते ६५,५३५ एवढे रस्ते. पहिले १,०२४, म्हणजे ० ते १०२३, ठरलेल्या कामांसाठी राखून ठेवलेत.

कॉलेजच्या वायफायवर वेबसाईट चालतात पण गेम चालत नाही, हा अनुभव तुम्हाला असेलच. नेटचा वेग बरा असूनही गेम अडतो. बऱ्याचदा कॉलेजनं ८० आणि ४४३ सोडून बाकीचे रस्ते बंद केलेले असतात, त्यालाच फायरवॉल म्हणतात. आणि प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात भेटणारा ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ हा एरर म्हणजे ८०८० नंबरच्या दारात तुमचाच आधीचा प्रोग्रॅम पाय पसरून बसलाय. त्याला उठवा, मग नवा बसेल.

‘पोर्टल’ हा शब्दही याच घरातला. पोर्टल म्हणजे मूळ अर्थानं मोठ्या इमारतीचं भव्य दार. महाडीबीटी पोर्टलवर स्कॉलरशिपच्या शेवटच्या दिवशी ते दार किती भव्य वाटतं हा वेगळा विषय.

वाहून नेण्याचा पोर्ट

आता १९०० वाला. इथं दार नाही, हमाली आहे. इम्पोर्ट म्हणजे आत वाहून आणणं, एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर नेणं, ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडं नेणं, सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणं, रिपोर्ट म्हणजे झालेली हकीकत परत घेऊन येणं. हिंदीतली ‘रपट’ म्हणजे हाच रिपोर्ट. एखादा गेम कॉम्प्युटरवरून मोबाईलवर आणतात त्यालाही पोर्ट करणं म्हणतात. आणि गंमत म्हणजे ‘स्पोर्ट’ पण यातलाच, जुन्या फ्रेंचमध्ये मन कामावरून दुसरीकडं वाहून नेणं असा त्याचा अर्थ होता.

मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी म्हणजे कंपनी बदलताना नंबर सोबत वाहून नेणं. भारतात ही सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. तेव्हा फक्त आपल्याच सर्कलमध्ये नंबर नेता यायचा. ३ जुलै २०१५ पासून देशात कुठंही नेता येतो. आपल्याकडं मुंबई वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट एक. म्हणजे नांदेडचा नंबर पुण्यात पोर्ट केला तर तो सर्कलच्या आतला, मुंबईत केला तर बाहेरचा. देगलूर-बिलोलीकडून तेलंगणात किंवा उदगीरहून बीदरला राहायला गेलात तर तेही बाहेरचंच.

पूर्वी नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता यायची. आता ते सोडून द्या. तुम्ही कॉल लावला की कंपनीची यंत्रणा आधी पोर्ट झालेल्या नंबरांच्या यादीत बघते, त्या नंबरला जोडलेला ‘लोकेशन राउटिंग नंबर’ घेते आणि मग कॉल योग्य कंपनीकडं जातो. तुमचं सिम बदलतं, प्रीपेडचा उरलेला बॅलन्स जातो, फक्त नंबर सोबत येतो. वाहून नेलं जातं ते एवढंच.

सध्याची पद्धत साधारण १६ डिसेंबर २०१९ पासूनची. १९०० ला मेसेज केला की तुमची कंपनी आधी काही गोष्टी तपासते. या कंपनीत तुम्हाला ९० दिवस झालेत का, पोस्टपेडचं बिल थकलंय का, नंबरच्या मालकीचा काही वाद किंवा बदल चालू आहे का. सगळं ठीक असेल तरच आठ अक्षरी-आकडी कोड येतो. त्याचं नाव युनिक पोर्टिंग कोड, म्हणजे यूपीसी. आपल्याकडं तो ४ दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, ओळखपत्र द्यायचं, नवं सिम घ्यायचं. सर्कलच्या आत ३ कामाचे दिवस, बाहेर ५.

म्हणजे पप्पांनी जे पाठवलं त्याचा अर्थ होता, ‘मला माझा नंबर दुसरीकडं न्यायचाय.’ आणि आलेला कोड म्हणजे नंबर न्यायची परवानगी. तो समोरच्याच्या हातात गेला असता तर त्याला खोटी कागदपत्रं लावून माझ्या वडिलांचा नंबर स्वतःच्या सिमवर घ्यायचा प्रयत्न करता आला असता. तसं झालं की आपल्या फोनवर अचानक ‘नो सर्व्हिस’ येतं आणि बँकेचे सगळे ओटीपी त्या दुसऱ्या सिमवर जायला लागतात. नुसत्या नंबरानं खातं रिकामं होत नाही हे खरं, पण बाकीची माहिती अशा लोकांकडं आधीच असते, त्यांना शेवटचा ओटीपीच हवा असतो. दुकानाचा हिशोब, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे पैसे, पप्पांची बचत, सगळं त्या एका नंबरला जोडलेलं होतं.

याच कारणानं १ जुलै २०२४ पासून एक नवा नियम आला. सिम बदलून घेतलं असेल (हरवलं, खराब झालं वगैरे) तर पुढचे ७ दिवस यूपीसी मिळत नाही. कुणी चोरून तुमचं सिम बदललंच, तर नंबर लगेच पळवता येऊ नये आणि तुम्हाला कळायला वेळ मिळावा, हा हेतू.

तुमच्या घरात असं काही झालं तर पुढचं नीट वाचा. फक्त कोड आलाय आणि कुणाला सांगितला नाही, तर घाबरायचं कारण नाही. तो ४ दिवसांत आपोआप मरतो. कोड सांगून झालाय आणि नंबर पोर्ट होत असल्याचा मेसेज आलाय, तर २४ तासांच्या आत मेसेजमध्ये इंग्रजीत ‘कॅन्सल’ लिहून स्पेस देऊन आपला नंबर टाका आणि १९०० लाच पाठवा. सिम अचानक बंद पडलं तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवा, मग आपल्या मोबाईल कंपनीला. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाईनला लगेच फोन करा, इथं खरंच एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. आणि सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, ओळखीचं नसलेलं सिम तिथूनच बंद करायला सांगता येतं. असे कॉल कळवायला त्याच पोर्टलवर ‘चक्षु’ नावाची सोय आहे. मी पप्पांना आलेला नंबर तिथंच कळवला.

बंदराचा पोर्ट

तिसरं घर बंदराचं. विमानाचं बंदर म्हणून एअरपोर्ट. पोर्तुगाल या देशाचं नाव ‘पोर्टुस काले’ या बंदरावरून पडलं, आणि त्याच देशाच्या जहाजांतून आपल्याकडं बटाटा आला. पोर्ट वाईन म्हणजे तिथल्याच पोर्तो शहरातून जाणारी दारू. ‘ऑपॉर्च्युनिटी’ या भारी शब्दाच्या पोटातही बंदर आहे. बंदराच्या दिशेनं वाहणारा वारा, तो सुटला की जहाज घराकडं निघालं.

जहाजाच्या डाव्या बाजूलाही पोर्ट म्हणतात. जुन्या जहाजांचं सुकाणू उजव्या बाजूला असायचं, त्याला धक्का लागू नये म्हणून जहाज डावी बाजू बंदराला लावून उभं करत. पूर्वी डाव्या बाजूला ‘लारबोर्ड’ आणि उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणायचे. वादळात ओरडताना दोन्ही सारखंच ऐकू येणार, मग जहाजाचं काय होणार? शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश आरमारानं लारबोर्ड बंद करून पोर्ट हाच शब्द ठरवून टाकला. नांदेडच्या एअरपोर्टवर रात्री विमान दिसलं तर बघा, डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. तो लाल म्हणजे पोर्टची बाजू.

मराठवाड्याला समुद्र नाही, मग बंदराशी आपला काय संबंध? आहे, आणि जुना आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर दोन्ही आहेत. तिथला माल गाड्यांमध्ये भरून भडोचच्या बंदराला जायचा, तगरहून मुख्यतः कापड. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही आपल्याकडचा माल एक्स्पोर्ट होत होता, बंदर मात्र लांब होतं. आता जालन्याजवळ ड्रायपोर्ट उभारायचं काम निघालं, त्याची पायाभरणी २०१५ ची. ड्रायपोर्ट म्हणजे कोरडं बंदर. कस्टमची तपासणी इथंच करायची आणि सीलबंद कंटेनर रेल्वेनं थेट समुद्राकडं पाठवायचा.

त्या पेरिप्लसमध्ये अशा व्यापारी बंदरासाठी ग्रीक शब्द वापरलाय ‘एम्पोरियॉन’. ओळखीचा वाटतो ना? आपल्या प्रत्येक गावात एक तरी साडी एम्पोरियम असतंच.

तिन्ही घरांचा आजा

दार, वाहून नेणं आणि बंदर यांचा एकमेकांशी संबंध काय? भाषाशास्त्रज्ञ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपाशी नेतात, ‘पेर्’, म्हणजे पलीकडं जाणं, पलीकडं नेणं. दारातून आपण पलीकडं जातो, हमाल ओझं पलीकडं नेतो, बंदर म्हणजे पाण्यापलीकडं जायची जागा. एम्पोरियममधला ‘पोर’ही तोच. इंग्रजीतली ‘फेरी’ बोटही त्याच कुळातली. आणि संस्कृतमध्ये याच धातूचा झालाय ‘पार’. नदी पार करणे, पारंगत, पारायण, अपार, सगळ्यांत तोच. गोदावरीच्या काठी उभं राहून पैलतीराकडं बघत आपण ‘पार’ म्हणतो तेव्हा, लांबच्या नात्यानं का होईना, ‘पोर्ट’च म्हणत असतो.

सगळेच सारखे दिसणारे शब्द मात्र नातेवाईक नसतात. ‘पोर्ट्रेट’ मोडवर फोटो काढता तो पोर्ट्रेट वेगळ्या लॅटिन शब्दातून आला, त्याचा मूळ अर्थ पुढं ओढणं, रेखाटणं. आपलं ‘बंदर’ पण फारसीतून आलेलं, त्याचा हिंदीतल्या माकडाशी काही संबंध नाही.

हे सगळं मी पप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग पासपोर्टातला पोर्ट कुठला?’ बहुतेक शब्दकोश म्हणतात बंदराचा, बंदरातून जायचा परवाना. ‘आणि पोर्टर?’ त्यावर मी अडकलो, कारण इंग्रजीत पोर्टर दोन आहेत, एक ओझं वाहणारा आणि एक दारावर बसणारा. पहिला ‘पोर्टारे’तून आला, दुसरा ‘पोर्टा’तून. ‘आमच्या मोंढ्यात पहिला हाय,’ पप्पा म्हणाले, ‘दारावर मीच बसतो.’